आधी रक्त, मग तिकीट

प्रश्न : नोकरीमुळे आम्ही पुढच्या वर्षी दुसऱ्या खंडात कायमचे राहायला जात आहोत. माझी घोडी नऊ वर्षांची, कुमैत रंगाची, स्वभावाने गरीब. ट्रकची फळी दिसली की मात्र पुढचा पाय आपटत उभी राहते. तिला विकायची कल्पना सहन होत नाही. घोडे विमानाने नेतात असं कळलं. मला तिच्याशेजारी बसून जाता येईल का? तिला झोपेचं औषध द्यावं का? आम्ही निघू त्याच आठवड्यात तिलाही नेता आलं तर फार बरं होईल.

उत्तर : तुमच्या पत्रात घोडीचा रंग आहे, स्वभाव आहे, पाय आपटायची खोडही आहे. कुठल्या देशातून निघणार आणि कुठल्या देशात जाणार, एवढंच तुम्ही लिहिलेलं नाही. आणि सगळं काही त्यावरच ठरतं.

घोडा परदेशी जाताना त्याच्याबरोबर त्याच्या देशातले रोगही जातात, अशी प्रत्येक सरकारची धारणा असते आणि ती रास्त आहे. १९५६चं ऑलिंपिक मेलबर्नला झालं, पण त्यातल्या घोडेस्वारीच्या स्पर्धा स्टॉकहोमला घ्याव्या लागल्या. बाहेरच्या घोड्यांसाठी ऑस्ट्रेलियाने विलगीकरणाचे नियम सैल केले नाहीत. ऑलिंपिकसाठी जे वाकले नाहीत ते तुमच्या घोडीसाठी वाकतील ही आशा सोडा. पुढे २००७मध्ये आयात घोड्यांबरोबर इन्फ्लुएन्झा त्याच देशात शिरला, विलगीकरण केंद्रातून बाहेर निसटला आणि शर्यती बंद पडल्या. आज तिथे जायचं तर, न्यूझीलंडहून येणारे सोडून, निघण्याआधी किमान १४ दिवस आणि पोहोचल्यावर किमान १४ दिवस घोडा वेगळा ठेवावा लागतो. तेही ज्या देशांतून आयातीला मुभा आहे त्यांच्यापुरतंच. बाकीच्यांना दार बंद.

सगळ्यांत धास्ती आहे ती आफ्रिकन हॉर्स सिकनेसची. बारीक चिलटांमार्फत पसरणारा हा रोग घोड्याला काही दिवसांत संपवतो. तो असलेल्या देशातून अमेरिकेत जाणाऱ्या घोड्याला ६० दिवस विलगीकरणात काढावे लागतात. अशा ठिकाणांहून सरळ जाता येत नसेल तर मधल्या एखाद्या मान्य देशात काही काळ राहून मग पुढे, असा वळसा घालतात. दक्षिण आफ्रिकेतले घोडे बरीच वर्षं मॉरिशसमार्गे युरोपात जात होते. तुमच्या वाट्याला असा वळसा आला तर वेळ आणि खर्च दोन्ही नव्याने मोजा. विमानभाड्यापेक्षा तिथला मुक्काम जड जाऊ शकतो.

तेव्हा पहिलं काम म्हणजे जाणार त्या देशाच्या पशुवैद्यकीय खात्याच्या आयातीच्या अटी मिळवणं. ओळखीच्या कुणाचा घोडा तीन वर्षांपूर्वी गेला होता, हा आधार धरू नका. एखादी साथ आली की अटी एका रात्रीत बदलतात.

दुसरं काम रक्ततपासणीचं, आणि ते तिकिटाच्या, घर विकण्याच्या, मुलांच्या शाळेच्या आधी करा. परदेशी निघालेल्या घोड्यांची रक्तं काढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत, म्हणून एवढ्या आग्रहाने सांगतो. एक धिप्पाड घोडा आठवतो. कातडी आरशासारखी, खाणंपिणं उत्तम, कधी आजारी पडल्याची नोंद नाही. तपासणीत पायरोप्लाझ्मोसिस निघाला. गोचिडांमुळे होणारा हा रोग. घोडा त्यातून बरा झाला तरी जंतू वर्षानुवर्षं अंगात राहू शकतात आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. मालक जाणार होते त्या देशात असा घोडा घेतच नव्हते. त्यांनी तोवर घर विकलं होतं. घोड्याला काही झालेलं नाही हे त्यांचं म्हणणं खरं होतं. अहवालही खराच होता.

अमेरिकेसाठी पायरोप्लाझ्मोसिससोबत ग्लँडर्स, डौरिन आणि इक्वाइन इन्फेक्शस ॲनिमिया या रोगांच्याही तपासण्या होतात. इतर देशांच्या याद्या थोड्या कमीजास्त. तुमची घोडी आहे, घोडा नाही, म्हणून आणखी एक. सीईएम नावाचा जननेंद्रियांचा संसर्ग १९७७ साली इंग्लंडात न्यूमार्केटला प्रथम ओळखला गेला. तो आढळणाऱ्या देशांतून दोन वर्षांवरची घोडी किंवा वळू घोडा अमेरिकेत गेला तर नेहमीचं विलगीकरण संपल्यावरही या तपासणीसाठी थांबावं लागतं. घोडीचे साधारण दोन आठवडे जातात. वळू घोड्याचे जास्त, कारण त्याची परीक्षा त्याला दोन माद्यांवर प्रत्यक्ष सोडून घेतात. खच्ची केलेला घोडा यातून सुटतो. जगात त्याला मिळणाऱ्या मोजक्या सवलतींपैकी ही एक!

परतीचाही विचार आत्ताच करा. 'नाही जमलं तर परत आणू' हे माणसांपुरतं ठीक. जाताना मोकळा असलेला रस्ता येताना तसाच असेल असं नाही. तिकडे असलेल्या रोगाबद्दल इकडच्या अटी वेगळ्याच असू शकतात.

आता तुमचे प्रश्न. शेजारी बसता येईल का? बहुतेक वेळा नाही. मालवाहू विमानात घोडे जनावरांच्या बंदिस्त कप्प्यात उभे असतात. एका कप्प्यात तीन घोडे दाटीने किंवा दोन ऐसपैस, आणि भाडं त्या हिशोबाने. या धंद्यातले लोक त्याला इकॉनॉमी आणि बिझनेस क्लासच म्हणतात. बरोबर जातात ते हवाई प्रवासाचा सराव असलेले मोतद्दार. तुम्ही जवळ असलात तर तिला धीर येईल हे खरं. पण ती बिथरली तर तुम्ही घाबराल, आणि ते तिला तुमच्याआधी कळेल. विमानात अनावर झालेला घोडा सगळ्यांच्याच जिवावर उठतो, म्हणून अगदी शेवटचा उपाय म्हणून त्याला मारण्याची तजवीजही सोबत ठेवलेली असते. ही वेळ क्वचितच येते, पण विम्याचे आणि वाहतुकीचे कागद वाचताना हे कलम डोळे उघडे ठेवून वाचा.

झोपेचं औषध सरसकट देऊ नये. घोडा उभ्यानेच जातो आणि विमान चढताना-उतरताना त्याला तोल सावरावा लागतो. गुंगीतला घोडा अडखळतो. गरज पडली तर किती द्यायचं ते सोबतचा जाणकार ठरवेल. त्याऐवजी आजपासून तिला ट्रकची सवय लावा. आधी नुसतं चढणं-उतरणं, मग आत उभं राहून चारा खाणं, मग छोटी फेरी. फळीवर पाय आपटणारी घोडी विमानतळावर शहाणी होणार नाही.

खरी काळजी आहे फुप्फुसांची. घोडा एरवी दिवसातला कितीतरी वेळ मान खाली घालून चरतो आणि त्यामुळे श्वासनळीतला कफ, धूळ बाहेर निघते. तासन्‌तास डोकं वर बांधून ठेवलं की ती घाण खाली उतरते आणि प्रवासाचा ताप येतो. तो फुप्फुसाच्या आवरणापर्यंत गेला तर घोडा हातचा जातो. म्हणून वाहतूकदाराला एकच प्रश्न विचारा, वाटेत घोड्याला मान खाली घालता येते का आणि दर किती वेळाने? गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरा शोधा.

पाण्याचंही बघा. अनोळखी चवीच्या पाण्याला घोडे तोंड लावत नाहीत, मग पोटशूळ होतो, आणि घोड्याला ओकता येत नाही. निघायच्या काही आठवडे आधीपासून पाण्यात थोडा सफरचंदाचा रस घालत जा, तोच प्रवासात घाला. पाणी कुठलंही असो, चव ओळखीची लागते. खुराक कमी करून सुक्या गवतावर भर द्या. घरचं गवत पलीकडे नेऊ देतील यावर विसंबू नका. नव्या चाऱ्यावर आठ-दहा दिवसांत हळूहळू आणा.

पोहोचल्यावर काही दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजून लिहून ठेवा. ३८.५ सेल्सिअसच्या वर गेला, खाणं सुटलं किंवा खोकला आला तर थांबू नका. जीन तर लगेच मुळीच चढवू नका.

आणि एकाच आठवड्यात निघणं? नको. आधी तुम्ही जा. पागा बघा, नालबंद बघा, रात्री फोन उचलणारा पशुवैद्य बघा. नोकरी टिकतेय का, घराजवळ कुरण आहे का, तेही कळेल. तोवर तिला ओळखीच्या माणसाकडे ठेवा. विषुववृत्त ओलांडणार असाल तर महिनाही नीट निवडा. नाहीतर हिवाळी केस अंगावर घेऊन ती भर उन्हाळ्यात उतरेल. केस दिवसाच्या लांबीप्रमाणे बदलतात, त्याला आठवडे लागतात. कातरणी जवळ ठेवा.

प्रश्न : माझा खच्ची घोडा चोवीस वर्षांचा आहे. दम्याचा त्रास आहे, दाढाही गेल्या आहेत. त्याला मागे ठेवून जाणं मला विश्वासघात वाटतो.

उत्तर : त्याला नका नेऊ. दमेकरी घोड्याला बंद कप्प्यातली गवताची धूळ आणि नंतरचं विलगीकरण झेपणार नाही. दाढा नसलेल्याचा चारा ऐन प्रवासात बदलणं तर पोटशूळाला आमंत्रणच. विश्वासघात म्हणता, पण त्याला तुमचा देश बदलला हे कळणार नाही. कळेल ते एवढंच की सोबतचे घोडे गेले, कुरण गेलं. ते दोन्ही राहू द्या आणि त्याला सांभाळणाऱ्याला दरमहा वेळेवर पैसे पाठवा. 'अखेरचा निर्णय घ्यायची वेळ आली तर कोण घेणार आणि कुणाच्या सल्ल्याने' हे जाण्यापूर्वी लेखी ठरवा. रात्री दोन वाजता घोडा पोटशूळाने लोळत असताना सांभाळणाऱ्याला तुमच्या फोनची वाट बघत बसवू नका.

प्रश्न : खोगीर, ब्रश, झुली नेता येतात का? आणि घोड्याची ओळख कशी पटवतात?

उत्तर : धुतलेल्या असतील तर बहुधा येतात. शिवणीत अडकलेलं गवताचं बी किंवा खूर साफ करायच्या आकडीवरची माती सापडली तर सामान अडवतील. जुने ब्रश टाकून द्या, नवे तिकडे घ्या. ओळखीसाठी मानेतली मायक्रोचिप असते, आणि कागदावर घोड्याचं चित्र काढून त्यात भोवरे, टिळा, पांढरे पाय दाखवलेले असतात. चिपचा पंधरा आकडी क्रमांक पासपोर्ट, रक्ताचे अहवाल आणि आरोग्य दाखला यांवर सारखाच आहे ना, हे मोठ्याने वाचून दुसऱ्याकडून तपासून घ्या. एक आकडा चुकला तर कागदोपत्री तो घोडा तुमचा नव्हेच.