पहिल्या वर्षाला चार दिशांचे विषय आलेत?
अगं, अर्थशास्त्र, अकाउंट्स, आरोग्य आणि मराठी साहित्य एकदम आलं म्हणून घाबरू नकोस. फक्त सगळं एकाच पद्धतीने वाचू नकोस. मागणी वक्र पाठ करू नको. कोथिंबिरीची जुडी १० रुपयांची ३० झाली की आई किती घेते, ते आलेखावर मांड. किंमत उभ्या अक्षावर, जुड्या आडव्या. अकाउंट्सची रोज दोन गणितं, बस्स. आरोग्यात कारण शोध. जुलाबात देतात त्या जलसंजीवनीत १ लिटर पाण्याला ६ लहान सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ का? साखरेतल्या ग्लुकोजसोबत आतडं मिठातलं सोडियम शोषतं, त्यामागून पाणी जातं. हे एकदा कळलं की प्रमाण डोक्यात पक्कं बसतं. कविता मात्र आधी मोठ्याने वाच, गाइड नंतर. मी उलटं केलं आणि पहिली सेमिस्टर कवितेविनाच गेली, त्याची हळहळ अजून आहे.