पहिल्यांदा बोलताना

पहिल्याच सभेत आवाज थरथरला म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. माझा अजूनही थरथरतो. हातातला कागद हलतो, म्हणून तो टेबलावर ठेवूनच बोलते.

नुसतं "अन्याय होतोय" म्हणून थांबू नकोस. कोणाचा कोणता हक्क, कधी, कोणी नाकारला, ते तारखेनिशी सांग. आणि एखाद्या शब्दासाठी अडून बसावं लागलं, तर खुशाल बस. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' अशा अर्थाचे शब्द होते. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी हरकत घेतली, आणि १९४८ साली पहिल्या कलमात 'सर्व माणसं' आली. केवढी मोठी गोष्ट आहे ही!

ज्यांच्यासाठी बोलणार आहेस, त्यांना मात्र आधी विचार. त्यांना स्वतःच बोलायचं असेल, तर माईक त्यांच्या हातात दे.