नर्सिंग सोडायचं की नस सोडवायची?

पत्र (थोडक्यात): माझी मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी तिला 78.4 टक्के होते. गेले काही महिने उजव्या हाताच्या करंगळीत आणि शेजारच्या बोटात मुंग्या येतात, रात्री झोपमोड होते. डॉक्टरांनी कोपराजवळ नस दबली आहे असं सांगून नसेची तपासणी लिहून दिली. परीक्षा तोंडावर असल्याने ती अजून केलेली नाही. कॉलेजला कळवलं तर तिच्या नावापुढे कायमचा शेरा बसेल, म्हणून कुणालाही सांगायचं नाही असं तिला बजावलं आहे. परीक्षेपर्यंत गोळ्यांवर निभावता येईल का? नाहीतर हाताला ताण नसलेला, संगणकावर बसून करायचा एखादा कोर्स सुचवा. वर्ष वाया जायला नको. – एक पालक

उत्तर:

सप्रेम नमस्कार. टक्केवारी तुम्ही दशांशापर्यंत कळवलीत, पण मुंग्या कधी सुरू झाल्या ते ‘काही महिने’. त्या आधी फक्त रात्री यायच्या आणि आता दिवसभर असतात का, हातातून वस्तू निसटतात का, यातलं काहीच पत्रात नाही. आणि मुलीचं स्वतःचं म्हणणं काय, याबद्दल एकही वाक्य नाही. तिला नर्सिंग आवडतं का, वॉर्डात जायची भीती वाटते का, की नुसता हात दुखतो आहे? हे तुम्हालाच माहीत नसेल तर कोर्स बदलण्याचा सल्ला मी कुणासाठी देऊ?

मला खटकला तो ‘बजावलं आहे’ हा शब्द. शेरा बसेल ही भीती समजू शकते, पण ज्या जागी मुलगी रोज उभी राहते ती जागा डोळ्यांसमोर आणा. जिला ही अडचण माहीत नाही अशी क्लिनिकल इन्स्ट्रक्टर तिला जड पेशंट कुशीवर वळवताना उजवी बाजू धरायला सांगणार. ती बिचारी नाही म्हणू शकणार नाही, कारण तुमचा हुकूम आहे. पकड सुटली तर इजा कुणाला होईल? इंजेक्शन भरताना बोटं दगा देऊन सुई टोचली तर ती तिलाच टोचेल. आज स्वतःहून सांगितलं तर तो आजार. अपघातानंतर कळलं तर ती लपवाछपवी, आणि तुम्ही ज्याला भिताय तो शेरा खरा तेव्हा बसतो.

‘करंगळीने काय अडतं, नाडी तर पहिल्या बोटांनी बघतात’ असं घरात कुणीतरी म्हटलं असेलच. फसगत होते ती इथे. कोपरातून जाणारी ही नस, डॉक्टर तिला अल्नर नर्व्ह म्हणतात, संवेदना करंगळीला आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला देते. पण हाताच्या पंज्यातले बहुतेक छोटे स्नायू तिच्याच ताब्यात असतात. अंगठा आणि तर्जनीची चिमूट घट्ट धरणारे स्नायूही तिचेच. अँप्युल (औषधाची काचेची कुपी) फोडणं, सुईचं टोपण काढणं, सलाइनच्या नळीचा क्लॅम्प दाबणं, ही सगळी चिमटीची कामं. बधिरपणा करंगळीत जाणवतो आणि ताकद चिमटीतून जाते, म्हणून वेळेवर लक्षात येत नाही.

आज रात्री एक करा. तिला दोन्ही हातांत, अंगठ्याची कड आणि तर्जनी यांच्यामध्ये एकेक कागद धरायला सांगा आणि तुम्ही तो ओढा. डाव्या हाताचा अंगठा सरळ राहतो आणि उजव्याचं टोकाचं पेर वाकतं असं दिसलं, तर नेमका स्नायू कमजोर झाला आहे आणि दुसरा स्नायू त्याची उसनी ताकद पुरवतो आहे. मग हात उताणा न धरता पालथा धरून अंगठा व तर्जनीमधला मांसल भाग बघा. डाव्याच्या तुलनेत उजवीकडे खळगा पडलेला दिसला, किंवा बधिरपणा आता येऊन-जाऊन न राहता चोवीस तास असेल, तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. परीक्षा नंतर.

आता ‘वर्ष वाया’चा हिशेब. दाबामुळे नसेचं नुसतं आवरण दुखावलं असेल तर दाब हटल्यावर ते काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत भरून येतं. आतले तंतू तुटायला लागले की गणित बदलतं. तुटलेला तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण 1 मिलिमीटर. कोपरापासून पंज्यातल्या स्नायूंपर्यंतचं अंतर 25 ते 30 सेंटीमीटर धरा, म्हणजे 250 ते 300 दिवस झाले. आणि नसेविना फार काळ राहिलेला स्नायू नंतर पूर्ण परत येईलच असं नाही. परीक्षेसाठी महिना वाचवायच्या नादात तुम्ही हे वर्ष पणाला लावता आहात.

लिहून दिलेली तपासणी म्हणजे एनसीव्ही. तिला सहसा तासभरही लागत नाही, अभ्यासाचा दिवस मोडत नाही. त्वचेवरून हलके विजेचे झटके देऊन नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. कोपर ओलांडताना तो वेग सेकंदाला 50 मीटरपेक्षा कमी भरला, तर दाब तिथेच आहे या निदानाला बळकटी येते. सुरुवातीच्या टप्प्यात अहवाल नॉर्मलही येऊ शकतो, तेवढ्यावरून मुलगी नाटक करते असा निष्कर्ष काढू नका. डॉक्टरांना दोन गोष्टी आवर्जून सांगा: पंज्याच्या मागच्या बाजूला करंगळीकडे बधिरपणा आहे का, आणि कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला आहे का. पहिला असेल तर दाब मनगटाच्या वर आहे असं समजतात. दुसरा असेल तर मान आणि खांद्याजवळची जागाही तपासावी लागते. साखर, थायरॉइड आणि बी-12 बघून घेणं केव्हाही बरं.

गोळ्यांबद्दल. नसेच्या दुखण्यावर देतात त्या प्रीगॅबालिन, गॅबापेन्टिनसारख्या गोळ्यांनी झोप आणि गरगर येऊ शकते. रात्रपाळीत औषधांचे डोस मोजणाऱ्या मुलीला त्या देताना डॉक्टरांना तिच्या ड्युटीच्या वेळा माहीत असायला हव्यात. बी-12 कमी असेल तर ते घ्यावंच, पण त्याने दबलेली जागा मोकळी होत नाही. आणि कुणी दिलेला रबरी चेंडू दाबायला लावत असाल तर तो कपाटात ठेवा. मूठ वळताना आवळणारा एक स्नायू या नसेवरच कमान करून बसलेला असतो. कोपर वाकवून चेंडू दाबला की आपण नसेलाच दाबतो.

आणि हाताला ताण नसलेला, संगणकावरचा कोर्स! तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा गैरसमज हाच. ही नस कोपराच्या मागून जाते. कोपर कशावर आपटलं की करंगळीपर्यंत झणझणतं, ती जागा. कोपर वाकलं की नस मागून ताणली जाते आणि ती ज्या बोगद्यातून जाते तो अरुंद होतो. वजनापेक्षाही तिला सोसत नाही ते तासन्‌तास वाकलेलं आणि कडेवर टेकलेलं कोपर. संगणकावर आठ तास बसणाऱ्याची बसण्याची रीत नेमकी तशीच असते: कोपर काटकोनात, टेबलाच्या धारेवर. वॉर्डातली नर्स निदान चालते, हात सरळ करते, कामं बदलते. या नसेला वाचवण्यासाठी मुलीला नर्सिंगमधून काढून डेटा एन्ट्रीला बसवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. लॅब टेक्निशियन सुचवलं तरी तेच, तिथेही पिपेट (द्रव मोजून घ्यायची नळी) धरून कोपर तासभर वाकलेलं राहतं. त्यामुळे हाताच्या नावाखाली मी एकही कोर्स सुचवणार नाही.

करायचं ते असं, आणि ते तिने करायचं आहे, तुम्ही तिच्यावर पहारा ठेवायचा नाही. मुंग्यांनी रात्री जाग येते, कारण हात उशीखाली किंवा गालाखाली दुमडून झोप लागते. मध्यम आकाराचा टॉवेल कोपराभोवती सैलसर गुंडाळून कोपराच्या वर आणि खाली, अशा दोन ठिकाणी चिकटपट्टी लावायची. खुद्द सांध्यावर नको. आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. हात अगदी ताठ ठेवायची गरज नाही, थोडासा वाकला तर चालतो, दुमडला जाऊ नये एवढंच. खेळाडूंचं कोपराचं पॅड मिळालं तर रात्री ते उलटं घालायचं, गादी आतल्या घडीत यायला हवी. दिवसा अभ्यासाला तेच सुलटं. आठवड्यात फरक पडला नाही म्हणून सोडून देऊ नये, किमान सहा आठवडे.

अभ्यासाची रीत बदलावी लागेल. पुस्तक स्टँडवर, कोपर टेबलावर टेकायचं नाही, फोन कानाला लावायचा नाही, आणि अंथरुणात पडून फोनवर नोट्स वाचणं बंद. तसं पडून वाचताना कोपर पूर्ण दुमडलेलं असतं आणि वेळ कसा गेला ते कळत नाही.

वॉर्डात लोक ओझं उचलण्याला घाबरतात. खरा त्रास बरेचदा नर्सिंग स्टेशनच्या काउंटरवर कोपर टेकून चार्ट लिहिताना होतो. तिथे सरळ बसून किंवा हात खाली सोडून लिहायची सवय लावायची. दुसरा त्रास म्हणजे वाकलेल्या हाताने स्थिर धरून ठेवणं: ड्रेसिंग चालू असताना ट्रे, प्लास्टर घालताना पाय, रडणारं मूल. अशा वेळी वजन टेकवायला ट्रॉली किंवा गादी घ्यायची, नाहीतर जागा बदलून मागायची. पेशंट हलवताना पलंग आधी कंबरेच्या उंचीला आणायचा, स्लाइड शीट (पेशंट सरकवायची घसरती चादर) घ्यायची आणि दोघींनी मिळून करायचं. हा तर सगळ्यांसाठीच नियम आहे. रक्तदाबाचा फुगा डाव्या हाताने दाबायला शिकता येतं. हातमोज्यांचा आकार बरोबर हवा: सैल हातमोजा घसरतो आणि पकड जास्त आवळावी लागते. बॅग एका खांद्यावर नको. स्किल लॅबमध्ये मैत्रिणी रक्तदाब मोजायचा सराव एकमेकींवर करतात, तेव्हा उजवा हात पुढे करायचा नाही. सीपीआरची धास्ती मात्र नको. त्यात कोपर सरळच ठेवायचं असतं आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो.

पट्टा किंवा स्प्लिंट (सांधा वाकू न देणारा आधार) घालून पेशंटजवळ जायचं नाही. त्याखाली हात स्वच्छ धुता येत नाहीत, आणि संसर्ग-नियंत्रणाचा नियम कोपराखाली काहीही नको असाच आहे. पट्टा रात्रीसाठी.

कॉलेजला द्यायचं पत्र अर्ध्या पानाचं पुरे. निदान, काय करता येतं, काय काही आठवडे करू नये, पुन्हा तपासणी कधी. ‘हलकं काम द्या’ असं मोघम लिहू नका. ‘जड पेशंट एकटीने हलवू नये, वाकलेल्या कोपराने पाच मिनिटांपेक्षा जास्त काही धरून ठेवू नये’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. लेखी परीक्षेसाठी जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर अर्ज आधीच द्यावा लागतो, परीक्षेच्या सकाळी प्रमाणपत्र नेऊन उपयोग होत नाही. जाड पकडीचं पेन आणि डाव्या हातातलं घड्याळ बघत दर वीस मिनिटांनी उजवा हात अर्धा मिनिट सरळ सोडणं, एवढ्यानेही तीन तास सुसह्य होतात.

ताकद शाबूत असेल तर सहा आठवडे ते तीन महिने हे सगळं करून पाहायला डॉक्टर सहसा वेळ देतात. ताकद कमी असेल किंवा स्नायू सुकत असेल तर शस्त्रक्रियेचा विषय निघेल. तेव्हा ‘कोर्स संपल्यावर बघू’ म्हणू नका. मोठ्या सुट्टीच्या सुरुवातीला तारीख मिळते का ते विचारा आणि जड उचलायला परवानगी कधी मिळेल हे लिहून घ्या, म्हणजे पुढचं पोस्टिंग त्याप्रमाणे लावता येईल. त्यात एखादं पोस्टिंग मागे पडलं तर ते भरून काढता येतं.

पुढचे रस्ते सगळ्यांना माहीत आहेत: पदव्युत्तर अभ्यासक्रम, स्पेशलायझेशन, भरतीच्या परीक्षा. सामुदायिक आरोग्य, मानसिक आरोग्य, संसर्ग-नियंत्रण, अध्यापन या शाखांत उचलाउचल कमी असते हे खरं, पण त्या दारांपर्यंत वॉर्डातूनच जावं लागतं. आत्ता दुसऱ्या वर्षात त्यातलं एखादं निवडायची घाई कशाला?

तिला नर्सिंगच नको असेल आणि हाताचं दुखणं हे बोलायचं सोयीचं निमित्त असेल, तर ती वेगळी गोष्ट, आणि ती मला तिच्याकडूनच कळायला हवी. पुढचं पत्र तिचं येऊ द्या. टाइप करायला हात नको वाटत असेल तर फोन टेबलावर ठेवून बोलून रेकॉर्ड करू दे, मी ऐकेन. तेव्हा तुम्ही खोलीत नसलात तर बरं.