इंदूर: गच्चीचं पावसाचं पाणी थेट बोअरमध्ये सोडलं तर चालेल का?

नाही, थेट सोडू नका. मध्ये गाळणखड्डा हवाच, आणि मोसमातल्या पहिल्या एक-दोन जोरदार सरींचं पाणी बाहेर काढून द्यायचं. मी इथे घरबांधणीची कामं घेतो. उन्हाळाभर साठलेली धूळ आणि कबुतरांची घाण त्या पहिल्या पाण्याबरोबर खाली येते. माती-मुरमातून झिरपताना पाणी गाळलं जातं, बोअरमधून मात्र ते न गाळता थेट खडकातल्या साठ्यात पडतं, म्हणजे शेजाऱ्याच्या बोअरलाही त्रास.

खड्ड्यात तळाशी मोठे दगड, त्यावर गिट्टी, वर जाड वाळू. वाळूचा वरचा थर दर मे महिन्यात काढून धुवा. हे कोणीच करत नाही आणि मग 'सिस्टिम चालत नाही' म्हणतात. पन्हाळीच्या पाइपाला खाली टी (तीन तोंडांचा जोड) आणि बूच बसवा, बूच काढलं की पहिलं पाणी बाहेर.

खर्च वसूल होतो. 1000 चौरस फूट गच्ची आणि साधारण 950 मिमी पाऊस धरला, 20 टक्के वाया गेलं तरी वर्षाला सुमारे 70,000 लिटर मिळतं. शहराला येणारं नर्मदेचं पाणी तर नदीकाठच्या जलूदहून सुमारे 70 किमी, घाट चढवून आणावं लागतं.

फक्त बोअरचंच पाणी पीत असाल किंवा सेप्टिक टँक जवळ असेल, तर बोअरला जोडूच नका, वेगळा शोषखड्डा करा. तो मुरूम लागेपर्यंत खणा, आपल्या काळ्या मातीत पाणी नुसतं तुंबून राहतं.