एडिसनचं भाड्याचं घर आणि डेकवरचे डाग

मेमध्ये तुम्ही एडिसनला, न्यू जर्सीत, ज्या टाउनहाउसमध्ये राहायला जाताय त्याच्या कंपोझिट डेकवर (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेल्या फळ्यांच्या बाहेरच्या ओट्यावर) फोटोत तेलाचे, पिवळे आणि काळे डाग दिसतायत. ते निघतील का, आणि आपल्या डिपॉझिटमधून कापतील का, असं तुम्ही विचारलंय.

डिपॉझिटचं आधी. न्यू जर्सीत घरमालक जास्तीत जास्त दीड महिन्याचं भाडं डिपॉझिट घेऊ शकतो आणि घर सोडल्यावर ३० दिवसांत कापलेल्या रकमेच्या हिशेबासकट परत करावं लागतं. किल्ली मिळेल त्याच दिवशी प्रत्येक डागाचा फोटो काढून मालकाला ईमेल करा. ब्रश त्यानंतर हातात घ्या.

मग फळीची जात ओळखा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पायऱ्यांपाशी फळीचं कापलेलं टोक दिसतं, तिथे टॉर्च मारा. कडेने सालीसारखा वेगळा पातळ थर असेल तर ती ‘कॅप्ड’ फळी. तेल वरच राहतं, साबणाने सुटतं. आरपार भुसा आणि प्लॅस्टिकचा एकच लगदा दिसला तर जुन्या पद्धतीची. त्यातला भुसा तेल पितो, आणि मुरलेलं तेल फिकं होतं, पूर्ण जात नाही.

ताजं तेल सांडलं तर पुसू नका, टिपा. वर कॉर्नस्टार्च पसरून तासभर ठेवा, झाडून काढा, मग गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ नायलॉन ब्रश. रेषांच्या दिशेनेच घासायचं. धुताना कंजुषी नको. साबणाचा थर सुकला की त्यावर धूळ चिकटते आणि नवाच डाग तयार होतो.

पिवळे डाग बहुधा हळदीचे. साबण लागताच ते लालसर होतील, घाबरू नका. हळदीला चुना लावून कुंकू करतात तोच प्रकार, साबणातला अल्कली हे करतो. भरपूर पाण्याने धुतलं की रंग परत पिवळा. उरलेला रंग ऊन खातं. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, म्हणून क्लोरीनचं ब्लीच ओतायची घाई करू नका. जुन्या फळीवर त्याने कायमचा फिका पट्टा उठतो.

काळे ठिपके म्हणजे बुरशी. ती परागकणांवर आणि कुजक्या पाल्यावर वाढते, त्यामुळे नुसतं पाणी मारून महिन्याभरात परत येते. ऑक्सिजन ब्लीचची पावडर (ऑक्सिक्लीन वगैरे) अर्धा कप, एक गॅलन कोमट पाण्यात, म्हणजे पावणेचार लिटरला. सावलीच्या वेळी ओता, १५ मिनिटं सुकू न देता ठेवा, घासा, धुवा. उरलेलं द्रावण झाकणबंद बाटलीत ठेवू नका, आतल्या वायूने बाटली फुटते.

ओकच्या ओल्या पानांचे तपकिरी छाप आणि लोखंडी खुर्चीचा गंज याला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. बार कीपर्स फ्रेंड नावाच्या क्लीनरमध्ये ते असतं. हातमोजे, चष्मा, आणि आधी कोपऱ्यात करून बघा. क्लोरीनच्या ब्लीचबरोबर कधीच नाही, विषारी वायू होतो.

रबरी पाठीच्या पायपुसण्याखालचा चौकोन मात्र सोडून द्या. रबरातली रसायनं प्लॅस्टिकचा रंगच बदलतात, तो मळ नसतो. त्याचा फोटो आवर्जून काढा, आणि स्वतः रबर नसलेली विणलेली चटई घ्या.

ॲसिटोन, थिनर, तारेचा ब्रश, सॅंडपेपर: चारही बाद. कॅप्ड फळीचं कवच गेलं की ती जुन्या फळीसारखीच तेल पिऊ लागते. प्रेशर वॉशर भाड्याने आणायचा मोह होईल. फळीच्या कंपनीने दिलेली दाबाची मर्यादा बघितल्याशिवाय नको, आणि जुन्या फळीवर अजिबात नको; धारेने भुसा उघडा पडतो.

आईबाबा सोबत येणार असतील तर वाळवण खाटेवर किंवा टेबलावर, डेकवर पसरून नाही. पणत्याही ताटात ठेवा. झिलई नसलेल्या मातीतून तेल रात्रभर झिरपतं. मेणबत्तीचं मेण पडलं तर बर्फाची पिशवी ठेवून कडक करा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने उचला.

पहिल्यांदा धुवायला घ्याल तेव्हा बाहेरच्या नळाला पाणीच नसेल कदाचित. पाइप गोठून फुटू नये म्हणून हिवाळ्यात त्याचा आतला व्हॉल्व बंद करतात. बेसमेंट असेल तर तिथे, नाहीतर त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला शोधा.