चिन्हांची ऑनलाइन चाचणी पहिल्यांदा आखताना
ॲपमधल्या चिन्हाचा अर्थ लोकांना कळतो का, हे तपासताना चिन्हाखाली अर्थाचे चार पर्याय देऊन त्यांतला एक निवडायला सांगू नका. तसे केल्यास उत्तर तुम्हीच सुचवता. चिन्ह ॲपमध्ये २४ पिक्सेलचे असेल, तर तेवढ्याच आकारात दाखवून, ‘हे दाबल्यास काय होईल?’ याचे उत्तर लोकांना स्वतःच्या शब्दांत लिहू द्या. आमच्या वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एका काकांनी फ्लॉपीच्या चिन्हाला (म्हणजे ‘सेव्ह’ला) चक्क ‘छपाई’ म्हटले. पर्याय दिले असते, तर हा गोंधळ मला कळलाच नसता. उत्तर मराठी, गुजराती, हिंदी कशातही चालेल, हे आरंभीच सांगा. चिन्हांचा क्रम प्रत्येकासाठी बदलता ठेवा. अगदी उलटा अर्थ लावणारी उत्तरे मात्र वेगळी मोजा : सुरक्षाचिन्हांच्या अमेरिकी मानकात ८५ टक्के उत्तरे बरोबर असली, तरी अशी घातक चूक ५ टक्क्यांहून अधिक चालत नाही.