कॅरियरची चेन कोल्हापुरात ओतता येईल का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

दुसऱ्या महायुद्धातली युनिव्हर्सल कॅरियर (आपले जुने फौजी तिला ब्रेन कॅरियर म्हणतात) हौस म्हणून पुन्हा चालती करता येईल का, हा विषय मागच्या वेळी काढला होता. वरून उघडी, चेनवर पळणारी, चार टनांच्या आसपास वजनाची ही छोटी चिलखती गाडी १९३४ ते १९६० या काळात बनत राहिली आणि सगळे देश धरून लाखाच्या वर बनली. पत्रं भरपूर आली. त्यातले जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते आज घेतो.

प्रश्न : चुलत्यांनी भंगारवाल्याकडून अशी एक गाडी घेतली होती. उसाच्या बांधावर उभी आहे. कागद एकही नाही. काम सुरू करू का? (शिरोळ तालुका)

पाना हातात घेऊ नका, आधी कागदांमागे लागा. लष्कराने मोडीत काढलेलं वाहन लिलावातून बाहेर पडतं, तेव्हा लिलावाची पावती आणि माल सोडल्याचा आदेश असतो. भंगारवाल्याकडे, निदान त्याच्या आधीच्या मालकाकडे, त्याची प्रत मिळते का ते शोधा. चासी नंबर आणि हलवरचे, म्हणजे गाडीच्या चिलखती सांगाड्यावरचे, ठोकलेले आकडे घासू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि तिरप्या उजेडात फोटो काढा. गाडीला बंदूक किंवा तिचा कुठलाही भाग लागलेला असेल, तर तो विषय १९५९च्या शस्त्र कायद्यात जातो. तेव्हा हात न लावता पोलीस ठाण्यात लेखी कळवा. सीटखाली, खणात, चिखलाच्या थरात काडतुसासारखं काही दिसलं, तर लांब व्हा आणि ११२ला फोन करा.

रस्त्यावर चालवण्याबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. २०२१मध्ये केंद्राने ५० वर्षांवरच्या व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. २०,००० रुपये फी, दहा वर्षांची मुदत आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण ते नियम दुचाकी आणि चारचाकीसाठी आहेत आणि त्या गाड्यांनाही रोजच्या वापराची मुभा नाही. चेनवरची गाडी त्यात बसत नाही. शिवाय लोखंडी चेन डांबर उकरते. म्हणून एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायची तर लो-बेड ट्रेलरवर, चारी कोपरे साखळदंडाने आवळून. फिरवायची ती आपल्या रानात.

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे. मित्राच्या कॅरियरच्या चेनच्या निम्म्या कड्या तडकल्यात. बाहेरून मागवायच्या तर खर्च परवडत नाही. आपल्याकडे ओतता येतील का?

येतील, आणि चांगल्या येतील. मोटारीच्या नाजूक कास्टिंगपासून ट्रॅक्टरच्या हाउसिंगपर्यंत सगळं जिथून बाहेर पडतं, त्या गावात ही कडी अडायचं कारण नाही. मात्र घाई केली तर चेन पहिल्याच वळणाला निसटेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मूळ कडी मॅलिएबल आयर्नची आहे. आधी पांढरं, ठिसूळ बीड ओतायचं आणि मग ते भट्टीत दिवसच्या दिवस तापवून चिवट करायचं, अशी ती पद्धत. युद्धाच्या काळात दुसरा सोयीचा पर्याय नव्हता. एसजी आयर्न, म्हणजे ज्यातलं ग्रॅफाइट बारीक गोळ्यांसारखं असतं ते चिवट बीड, चाळीसच्या दशकाच्या शेवटी बाजारात आलं आणि आज तुमच्या हाताखाली रोज तेच असतं. ५००/७ ग्रेडचं एसजी या कडीला पुरेसं चिवट आहे. ग्रे आयर्नमध्ये, म्हणजे साध्या बिडात, मात्र ओतू नका, कितीही स्वस्त पडलं तरी. धक्क्याला ते काचेसारखं फुटतं.

आता पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबून साचा घ्यायचा नमुना. जुनी कडीच वाळूत दाबून साचा घ्यायचा मोह होतो, कारण तयार नमुना हातात असतो. पण लोखंड गार होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणजे शंभर मि.मी.चा जॉब नव्व्याण्णवचा निघतो. त्यात जुनी कडी आधीच झिजलेली. भोकं अंडाकृती झालेली, टाचा घासलेल्या. दोन्ही चुका एकात मिसळतात आणि कुठली किती हे नंतर सांगता येत नाही. म्हणून सगळ्या कड्यांतून कमीत कमी झिजलेल्या निवडा, जिथे धातू धातूला लागत नाही अशा कडांवरून मापं घ्या, ड्रॉइंग करा आणि आकसण्याची सूट देऊन नवा पॅटर्न बनवा. पिनचं भोक कोअरवर, म्हणजे साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्यावर, सोडू नका. जिग करून ड्रिल मारा आणि रीमरने संपवा. दोन भोकांमधलं अंतर, म्हणजे पिच, हाच या सगळ्या कामाचा प्राण आहे. प्रत्येक कडीत अर्धा मि.मी. चुकला तर दीडशे कड्यांत चेन ७५ मि.मी. लांब होते.

याच हिशोबाने आणखी एक गोष्ट. तडकलेल्या तेवढ्या बदलून बाकी जुन्याच ठेवायचा विचार असेल तर सोडा. नव्या कडीचा पिच बरोबर, जुनीचा वाढलेला. चेन ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या, म्हणजे स्प्रॉकेटच्या, दातावर त्या आळीपाळीने आल्या की गाडी उचक्या देत चालते आणि दात आकड्यासारखे झिजतात. निदान एक बाजू अख्खी नवी करा, जमलं तर दोन्ही. एकीकडे नवी आणि दुसरीकडे ताणलेली चेन असली तर गाडी सतत एका अंगाला ओढते. पिना नव्याच घ्या, आणि स्प्रॉकेटचे दात तपासल्याशिवाय नवी चेन चढवू नका.

पहिल्या लॉटमध्ये थोडेच नग ओता. त्यातली एक कडी व्हाइसमध्ये धरून घणाने तोडा. वाकून मग तुटली तर काम जमलं. कट्कन मोडली तर नॉड्युलॅरिटी, म्हणजे ग्रॅफाइटच्या गोळ्या नीट झाल्यात का ते, तपासा. आणि एक कळकळीची विनंती. प्रत्येक नव्या कडीच्या आतल्या अंगाला ओततानाच साल टाका. आणखी ५० वर्षांनी ही गाडी कुणाच्या हातात जाईल, त्याला मूळचं कुठलं आणि कोल्हापुरात ओतलेलं कुठलं हे कळलंच पाहिजे. नव्याला जुनं म्हणून खपवणं मला अजिबात मान्य नाही.

प्रश्न : स्टिअरिंग थोडं फिरवलं तर काहीच होत नाही. जास्त फिरवलं की गाडी एकदम झटका देऊन फिरते. बिघाड कुठे आहे? (कागल)

या गाडीचं वळणं दोन टप्प्यांत आहे. चाक थोडं फिरवलं की दोन्ही बाजूंच्या पुढच्या बोगींना, म्हणजे चेनवर चालणाऱ्या चाकांच्या जोड्यांना, जोडणारी आडवी नळी डावी-उजवीकडे सरकते. बोगी सरकली की चेन कमानीसारखी वाकते आणि गाडी सावकाश वळण घेते. चाक आणखी फिरवलं की एका बाजूच्या चेनला ब्रेक लागतो आणि गाडी त्या बाजूला झटकन फिरते. तुमचा दुसरा टप्पा ठीक आहे, पहिला मेला आहे. ती आडवी नळी वाळलेल्या ग्रीसमध्ये आणि गंजात धरून बसली असणार. पुढचं वजन उचलून, खाली लाकडी ठोकळ्यांची चळत रचून नळी मोकळी करा. फक्त जॅकच्या भरवशावर चार टनांखाली कुणीही शिरायचं नाही. जुने ब्रेक लायनिंग तोवर अजिबात बदलू नका. नळी सुटल्यावर ब्रेकवरचा भार आपोआप कमी होतो.

प्रश्न : इंजिन जाम आहे. गावातले मिस्त्री म्हणतात, ट्रॅक्टरला बांधून ओढा, गिअर टाका, सुटेल. करू का? (हातकणंगले)

कृपा करून करू नका. सुटेल कदाचित, पण कनेक्टिंग रॉडसकट.

हे फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-८ आहे, ३.९ लिटरचं, ८५ हॉर्सपॉवरचं. याचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी असतात. त्यामुळे अडकलेल्या व्हॉल्व्हवर पिस्टन आपटत नाही, एवढी मेहरबानी. पण गंजाने धरलेला व्हॉल्व्ह कॅमने जबरदस्तीने उचलला तर टॅपेट आणि कॅम दोन्ही खराब होतात. प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि एटीएफ ऑइल (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) निम्मं-निम्मं ओता आणि आठवडाभर विसरा. मधूनमधून पातळी बघा. जिथली पातळी उतरत नाही तिथे रिंगा घट्ट धरल्यात असं समजा. इनटेक मॅनिफोल्ड काढून व्हॉल्व्ह एकेक करून हाताने सोडवा. मग क्रँकच्या नटाला लांब दांडा लावून पुढे केसभर, मागे केसभर असं हलवा. अडलं की थांबा, पुन्हा तेल.

इंजिन सुटलं म्हणजे काम झालं असं नाही. या इंजिनात एग्झॉस्टचे मार्ग ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या जॅकेटमधून बाहेर जातात आणि प्रत्येक बाजूचे मधले दोन सिलिंडर एकाच तोंडातून धूर सोडतात. त्यामुळे ते तापतं, आणि तापल्यामुळे व्हॉल्व्ह सीट आणि सिलिंडर यांच्या मधे चीर जाते. बोअर करण्यावर पैसे घालण्याआधी ब्लॉक उकळत्या सोड्यात साफ करून पाण्याच्या प्रेशरवर तपासा. जॅकेटमधून गंजाचा गाळ निघतोच, कधी कधी मूळ ओतकामाची वाळूही निघते. ती शेवटच्या चिमटीपर्यंत काढा. चीर लहान असेल तर बिडाला गरम वेल्डिंगपेक्षा थंड स्टिचिंग, म्हणजे चिरेत ओळीने पिना बसवून ती सांधणं, बरं. उद्यमनगरात पिढ्यान्‌पिढ्या ऑइल इंजिनांवर काम केलेले हात आहेत. क्रँक ग्राइंडिंग आणि बोअरसाठी गाव सोडायची गरज नाही.

प्रश्न : आमचे हे दिवसभर त्या गाडीत असतात. मुलंही तिथेच खेळतात. जुन्या गाडीच्या धुळीने काही अपाय होतो का? (जयसिंगपूर)

होतो, आणि हा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार बरं झालं. तीन गोष्टी सांभाळायच्या. अंधारात दिसावेत म्हणून त्या काळच्या मीटरच्या काट्यांना रेडियमचा रंग असे. चमक केव्हाच गेली तरी रेडियम तिथेच असतं. मीटरची काच उघडायची नाही, काटे खरवडायचे नाहीत, सुटे मीटर घरात आणायचे नाहीत. दुसरं, ब्रेक आणि क्लचच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ती धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने कधीच उडवू नये, ओली करून पुसावी आणि फडकं पिशवीत बंद करावं. तिसरं, जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडं ग्राइंडिंग नको, ओलं घासावं. यजमानांना चांगला मास्क आणि कामाचे वेगळे कपडे. मुलांना काम चालू असताना आत घेऊ नका. रंगवून तयार झालेल्या गाडीवर मनसोक्त चढू द्या.

प्रश्न : वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून इटलीत लढले. मुलाने अशीच गाडी घेतली आहे. वडिलांच्या पलटणीची खूण रंगवली तर योग्य होईल का? (एक हवालदार, सैनिक टाकळी)

हवालदारसाहेब, तुमच्या गावातून हा प्रश्न यावा याचा मला मनापासून आनंद झाला. इटलीच्या त्या मोहिमेत यशवंत घाडगे यांना जुलै १९४४मधल्या आणि नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५मधल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पायदळाच्या पलटणीत कॅरियर प्लाटून असायचीच, म्हणजे खूण रंगवण्यात वावगं काही नाही. तरी आधी गाडी काय सांगते ते बघू. मागच्या पत्र्यावर हाताएवढ्या जागेत बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून गोल गोल घासा. वरचा रंग, त्याखालचा, त्याखालचा असे थर झाडाच्या वर्तुळांसारखे दिसायला लागतील आणि कधी कधी एखादा आकडा किंवा खूण वर येते. ती मिळाली तर तीच ठेवावी, मग पलटण कुठलीही निघो. काहीच मिळालं नाही, तर वडिलांच्या पलटणीची खूण जरूर काढा. फक्त आत एक छोटी पाटी लावा की ही खूण वडिलांच्या स्मरणार्थ काढली आहे. आणि वडिलांचं सर्व्हिस बुक, फोटो, पत्रं यांच्या प्रती मुलाकडून आजच काढून घ्या.

प्रश्न : आताच्या पंपावरच्या पेट्रोलवर हे इंजिन चालेल का? (गांधीनगर)

चालेल. त्रास इंजिनाला कमी, पाइप आणि पॅकिंगला जास्त. ई-२० पेट्रोलमधलं (वीस टक्के मिसळलेलं) इथेनॉल जुनं रबर फुगवतं, बुचाचं पॅकिंग खातं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. सगळे पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल चालणारे बसवा. जून ते सप्टेंबर गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर कोरडे करा. शेड पूररेषेच्या बाहेरच हवी. २०१९ आणि २०२१ला पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते गावाला माहीत आहे.

प्रश्न : आयटीआयला आहे. गाडी घ्यायची ऐपत नाही, पण हे काम शिकायचंय. सुरुवात कुठून करू? (गडहिंग्लज)

मित्रा, पोकलेन आणि डोझरची अंडरकॅरेज दुरुस्त करणारं वर्कशॉप गाठ. आयडलर, रोलर, स्प्रॉकेट, चेनचा ताण, सगळं तिथे रोज खोललं जातं, आणि कॅरियरची चेन याच तत्त्वावर चालते. सुट्टीत एकदा अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला जा. कोल्हापुरातून पुण्यामार्गे साडेतीनशे कि.मी.च्या आसपास पडेल. पाकिस्तानकडून हाती लागलेला पॅटन तिथे आहे. त्याच्या तोफेपुढे सगळेच फोटो काढतात. तू खाली वाक, चाकं मोज, प्रत्येक रणगाड्याचं स्प्रॉकेट पुढे आहे की मागे ते वहीत लिही, आणि तसं का असेल याचं उत्तर स्वतः काढून मला पाठव.